कामाच्या दौऱ्यात सराव बुडू नये म्हणून: फोल्डिंग सायकल निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त महिन्यातले सहा-आठ दिवस बाहेरगावी काढणाऱ्या सायकलपटूंकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला निवडीचे, मग प्रवासाचे, शेवटी अडनिडे. एकाच गोष्टीची उजळणी नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दौऱ्यासाठी वेगळी सायकल घ्यावीच का? हॉटेलच्या जिमवर भागणार नाही?

दौऱ्यात मोकळ्या सकाळी किती मिळतात ते आधी मोजा. एका रात्रीचा मुक्काम असेल तर सायकल नेऊ नका. घडी घालणं, पॅक करणं, पुन्हा जुळवणं यातच दीड तास जातो. अशा दौऱ्यात फक्त आपले पेडल, बूट आणि १५ मिमीचा पाना न्या. जिममधल्या बहुतेक स्पिन सायकलींच्या क्रँकला (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याला) नेहमीचीच ९/१६ इंची आटे असतात, त्यामुळे आपले पेडल बसतात. बदलण्याआधी जिमच्या माणसाला विचारा आणि निघताना जुने पेडल परत लावून द्या. एका दौऱ्यात किमान दोन सकाळी आणि महिन्यात किमान दोन दौरे, असा हिशेब बसला तरच सायकलचे पैसे वसूल होतात.

२. फोल्डिंग सायकल आणि ट्रॅव्हल सायकल एकच का?

नाही. फोल्डिंग सायकलच्या सांगाड्यात बिजागरी असते, चाकं १६ किंवा २० इंची असतात आणि घडी अर्ध्या मिनिटात होते. ब्रॉम्प्टन, डाहॉन, टर्न या त्या जातीच्या. ट्रॅव्हल सायकल म्हणजे मोठ्या, ७०० सी (रोड बाईकच्या नेहमीच्या मापाच्या) चाकांची पूर्ण सायकल, जिचा सांगाडा दोन तुकड्यांत सुटतो. रिची ब्रेकअवे किंवा एस अँड एस कपलिंग (सांगाड्याच्या नळ्या जोडणारे सांधे) बसवलेली सायकल या प्रकारातली. ती ६६ × ६६ × २५ सेंटिमीटरच्या पेटीत मावते, पण केबल, चाकं, हँडल सगळं सोडवावं लागतं. हात बसल्यावरही पाऊण तास लागतो. बाइक फ्रायडे या दोन्हींच्या मधली: चाकं २० इंची, बसण्याची ठेवण रोड बाईकची, आणि पॅकिंग सुटकेसमध्ये.

आमचं मत सरळ आहे. आठवडाभर एकाच गावी राहून रोज दोन-तीन तास चालवणार असाल तर ट्रॅव्हल सायकल. दोन-चार दिवसांचा दौरा आणि सकाळी तासभर सराव असेल तर फोल्डिंग. मेट्रो, रिक्षा, लिफ्ट, मीटिंगची खोली सगळीकडे बरोबर न्यायची असेल तर १६ इंचीशिवाय पर्याय नाही.

३. १६ इंची घ्यावी की २० इंची? आणि २० इंचीतही दोन प्रकार असतात म्हणे?

सरावाला २० इंची उजवी. खड्ड्यांत ती कमी आपटते, गिअर जास्त मिळतात, वळणावर हँडल कमी थरथरतं. घडीत मात्र १६ इंचीला तोड नाही. ब्रॉम्प्टनची घडी साधारण ५८.५ × ५६.५ × २७ सेंटिमीटर होते. २० इंचीची साधारण ८० × ६५ × ४० होते, म्हणजे एका जोडीदाराइतकी जागा तिला द्यावी लागते.

‘इंच’ या शब्दावर विसंबू नका. टायरच्या कडेला कोरलेला आकडा, म्हणजे रीमवर टायर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, वाचा. २० इंचीत ४०६ आणि ४५१ असे दोन वेगळे रीम आहेत. १६ इंचीत ३०५ आणि ३४९. एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. ४०६ हा बीएमएक्स (कसरतीच्या छोट्या) आणि लहान मुलांच्या सायकलींचा आकार असल्याने त्याची ट्यूब तालुक्याच्या दुकानातही मिळते. ४५१ जरा वेगवान, पण त्याचा टायर शोधत फिरावं लागतं. दौऱ्यावरच्या सायकलीला ४०६ घ्या.

४. देशांतर्गत विमानात १५ किलोच सामान चालतं. त्यात सायकल बसते का?

बसते, पण ओढूनताणून. ११.५ किलोची सायकल, साडेतीन किलोची पेटी, झाले १५. कपडे, लॅपटॉप आणि बूट हातातल्या ७ किलोच्या बॅगेत जातात. १३ किलोची सायकल घेतलीत तर प्रत्येक फेरीला जादा वजनाचे पैसे भराल. म्हणून दुकानात ‘वजन किती’ विचाराल तेव्हा पेडल, स्टँड, मडगार्ड आणि कॅरिअर धरून किती, तेही विचारा. कॅटलॉगमध्ये पेडल अनेकदा धरलेले नसतात.

दुसरी अट मापाची. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत हवी. ब्रॉम्प्टनची बेरीज १४२ भरते, म्हणजे पातळ पॅडिंगसकट आत. २० इंचीची नुसती घडी १८५ च्या आसपास जाते. ती मोठ्या सामानात मोजली जाऊ शकते, म्हणून तिकीट काढतानाच कंपनीचा क्रीडासाहित्याचा नियम वाचा. १५८ मध्ये बसवायची असेल तर पुढचं चाक, सीटपोस्ट आणि हँडलपोस्ट काढावेच लागतात.

५. विमानासाठी २० इंची सायकल पॅक कशी करायची? मागच्या वेळी डिरेलर वाकून आला.

डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग, वाकतो कारण तो सायकलच्या बाहेर सर्वात पुढे आलेला भाग आहे आणि पेटी त्याच कुशीवर पडते. त्यामुळे तो जागेवर ठेवायचाच नाही.

आधी सीटपोस्ट आणि हँडलपोस्टवर, आता जिथे आहेत त्या उंचीला, रंगीत टेपचा एक वेढा मारा आणि मोबाईलवर दोन फोटो काढा. चेन सर्वात लहान दातचक्रावर आणा. पेडल काढा, उजवा नेहमीसारखा सुटतो, डावा उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. नंतर ५ मिमीच्या ॲलन कीने डिरेलर सांगाड्यापासून सोडवा, केबल तशीच राहू द्या, जुन्या मोज्यात घालून मागच्या चाकाच्या आऱ्यांना बांधा. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) टोकांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा अडकवा, नाहीतर वरून वजन पडलं की फोर्क आत दबतो. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला. वाटेत ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मुक्कामी चाकच आत जात नाही.

सांगाड्याच्या नळ्यांना एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो, लांबीत चीर देऊन चढवायचा. सामानाचा कप्पाही दाबनियंत्रित असतो, त्यामुळे टायर फुटत नाहीत. तरी काउंटरवर वाद नको म्हणून हवा अर्ध्यावर आणा. सगळी हत्यारं चेक-इन सामानात ठेवा, हातातल्या बॅगेत ॲलन कीचा जुडगाही सापडला तर तिथेच जाईल. कार्बन डायऑक्साइडची काडतुसं नेऊच नका, हातपंप न्या.

ब्रॉम्प्टनला यातलं निम्मंही लागत नाही. मात्र एक लक्षात ठेवा: सीटपोस्ट पूर्ण खाली असला तरच तिची घडी अडकून राहते. तो काढून ठेवलात तर घडी पट्ट्याने आवळा, नाहीतर उचलताना सायकल उलगडते. सांध्याच्या दोन्ही कड्या आतल्या बाजूला वळवा. पहिला प्रयोग घरी, रविवारी करा.

६. रेल्वेत नेता येते का? टीसीने अडवलं तर?

घडी घालून कव्हरमध्ये घातलेली सायकल वैयक्तिक सामान म्हणून नेतात, पण मापाचा नियम ठाऊक असू द्या. डब्यात नेण्याच्या पेटीसाठी कमाल माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. एसी थ्री टिअर आणि एसी चेअर कारमध्ये ते ५५ × ४५ × २२.५ इतकंच. म्हणजे कागदावर ब्रॉम्प्टनसुद्धा चेअर कारच्या मापात बसत नाही. हरकत घेतली तर नियम टीसीच्या बाजूने आहे, वाद घालू नका. सामान ब्रेक व्हॅनमध्ये बुक करावं लागतं. ज्यांना नेहमी रेल्वेनेच जायचं आहे त्यांनी स्लीपर किंवा एसी टू घ्यावं आणि काळ्या, साध्या कव्हरमध्ये सायकल न्यावी. वजनाची अडचण येत नाही: स्लीपरला आणि एसी थ्रीला ४० किलो, एसी टूला ५० किलो मोफत असतात.

७. मुंबई लोकल, मेट्रो, शिवनेरी यांचं काय?

पुणे आणि नागपूर मेट्रोत सायकल नेता येते, घडीची असेल तर कुणाच्या पायातही येत नाही. लोकलमध्ये गर्दीच्या वेळी नेऊ नका. दुपारी किंवा पहाटे लगेजच्या डब्यातून न्या. बसच्या डिकीत ठेवताना चेनची बाजू वर करून, सर्वात शेवटी ठेवा. आधी ठेवलीत तर तिच्यावर पोती येतात.

८. छोट्या चाकांवर पाय नुसते गरगर फिरतात, वेग मिळत नाही. खरं का?

चाकामुळे नाही, चुकीच्या गिअरमुळे. हिशेब सोपा आहे: चाकाचा व्यास इंचांत, गुणिले पुढच्या चक्राचे दात, भागिले मागच्या चक्राचे दात. उत्तर जितके जास्त इंच, तितका गिअर जड. ४० मिमी रुंदीचा टायर बसवलेल्या ४०६ चाकाचा व्यास सुमारे १९.१ इंच.

स्वस्त २० इंचीत पुढे ४६ आणि मागे सर्वात लहान चक्र १४ दातांचं असतं. उत्तर येतं ६३ इंच. पेडलच्या मिनिटाला ९० फेऱ्यांनी वेग होतो ताशी २७ किलोमीटर. त्यापुढे पाय मोकळे फिरतात, तक्रार हीच. पुढे ५२ आणि मागे ११ असेल तर ९० इंच, म्हणजे त्याच फेऱ्यांना ताशी ३९. सपाटीवरच्या सरावाला एवढं पुष्कळ झालं.

चढासाठी दुसरं टोक पहा. ५२ ला २८ म्हणजे साडेपस्तीस इंच. सिंहगडाच्या चढाला हे जड पडतं. ११-३४ ची कॅसेट (मागच्या, ११ ते ३४ दातांच्या चक्रांचा संच) बसवलीत तर २९ इंच मिळतात आणि मिनिटाला ६० फेऱ्यांवर ताशी साडेआठने चढता येतं. फक्त लांब पिंजऱ्याचा डिरेलर २० इंची चाकाखाली जमिनीच्या फार जवळ येतो, दगड आणि धूळ दोन्ही लागते. खरेदीच्या वेळी विचारायचा नेमका प्रश्न असा: मागे कॅसेट आहे की आट्यांचं फ्रीव्हील (चाकाच्या तुंब्यावर आट्यांनी बसणारा चक्रांचा जुना प्रकार)? फ्रीव्हीलला सहसा १४ च्या खाली जाता येत नाही, आणि पुढे सुधारायला वावच उरत नाही.

ब्रॉम्प्टनच्या ६ गिअरच्या मॉडेलचा पल्ला ३०२ टक्के आहे, म्हणजे सर्वात जड गिअर सर्वात हलक्याच्या तिप्पट. सराव होतो, पण दोन गिअरमधल्या उड्या मोठ्या असतात आणि ठरलेल्या फेऱ्यांवर टिकून राहणं कठीण जातं.

९. घरच्या रोड बाईकवरची बैठक फोल्डिंगवर कशी आणायची?

तीन मापं उतरवून घ्या: क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटचं टोक क्रँकच्या मध्यापासून किती मागे आहे ते, ओळंबा सोडून, आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंत. पहिली दोन मापं मिलिमीटरला जुळवा. गुडघा दुखायला लागतो तो याच दोन मापांच्या फरकाने. तिसऱ्यात दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं, कारण फोल्डिंगचं हँडल बहुधा उंच असतं. सीट घरच्या सायकलीसारखीच घ्या. क्रँकची लांबीही तपासा, घरी १७२.५ आणि दौऱ्यावर १७० असेल तर सीट अडीच मिलिमीटर वर घ्या.

१०. या सायकलवर कोणता सराव करावा आणि कोणता टाळावा?

बसून करायचं सगळं चालतं: सावकाश लांब राइड, टेम्पो (मध्यम जोराची सलग राइड), थ्रेशोल्डचे (जेमतेम टिकवता येईल अशा जोराचे) १०-२० मिनिटांचे टप्पे, उंच फेऱ्यांचे व्यायाम. उभं राहून हँडल ओढत मारायचे स्प्रिंट करू नका. लांब हँडलपोस्ट काठीसारखा झुकतो, त्याच्या तळाच्या सांध्यावर ताण येतो आणि दमही वाया जातो. स्प्रिंट घरच्या सायकलवर, दौऱ्याच्या आदल्या दिवशी उरकून घ्या.

उतारावर आणखी एक काळजी. लहान रीम रीम-ब्रेकने लवकर तापतो. घाटात ब्रेक सतत दाबून धरू नका. पुढचा-मागचा आलटूनपालटून वापरा आणि लांब उतारावर मध्ये थांबा.

११. पॉवर मीटर आणि सायकल कॉम्प्युटर तेच वापरता येतील का?

पायाचा जोर वॅटमध्ये मोजणाऱ्या पॉवर मीटरचे पेडल सर्वात सोयीचे: घरून काढा, इथे लावा, क्रँकची लांबी ॲपमध्ये बदला आणि शून्य करून घ्या. वेगाचा सेन्सर चाकावर असेल तर परीघ बदलायला विसरू नका. ७०० × २५ चा परीघ २१०५ मिलिमीटर, ४०६ × ४० चा १५०० ते १५३०. बदलला नाहीत तर ३० चा वेग ४१ दिसेल. नेमका आकडा हवा असेल तर व्हॉल्व्ह खाली ठेवून, सायकलवर बसून, चाक एक फेरी पुढे न्या आणि जमिनीवर अंतर मोजा.

१२. फोल्डिंग सायकल स्मार्ट ट्रेनरवर बसते का?

मागच्या फोर्कची रुंदी १३० किंवा १३५ मिमी असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर, म्हणजे मागचं चाक काढून सायकल जोडायच्या घरातल्या सरावयंत्रावर, बसते. ट्रेनरचा आस मोठ्या चाकाच्या उंचीला असतो, त्यामुळे मागची बाजू ९ सेंटिमीटरने वर जाते. पुढच्या चाकाखाली तेवढाच ठोकळा द्या. ब्रॉम्प्टनच्या स्टील सांगाड्याचा मागचा भाग ११२ मिमीचा आहे, तो बसत नाही. मागचं चाक रोलरवर टेकवायच्या ट्रेनरची पकड सहसा २६ इंचापासून पुढच्या चाकांसाठी असते.

१३. बिजागरी चालवताना उघडली तर? हीच भीती वाटते.

नीट लावलेली आणि वेळच्या वेळी आवळलेली बिजागरी उघडत नाही. ती सैल होत जाते, आणि आधी इशारा देते. उभं राहून पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढेमागे हलवा. बोट सांध्याच्या फटीवर ठेवा. फट हलताना जाणवली, किंवा ‘टक’ असा आवाज आला, तर कडी आवळायची वेळ झाली आहे.

कडी बंद करताना शेवटच्या टप्प्यात तळहाताला चांगला जोर लागला पाहिजे. एका बोटाने बंद होत असेल तर सैल आहे. दोन्ही हातांनीही बंद होत नसेल तर जास्त आवळली गेली आहे आणि तिचा खिळा हळूहळू ताणला जातो. कडीच्या आतल्या नटाला पाव फेरी द्या, पुन्हा तपासा. दुय्यम अडकण असेल तर ती बसल्याचा आवाज ऐका. प्रवासानंतर रोज राइड सुरू करण्याआधी ही तपासणी करा, यात सूट घेऊ नका. हँडलपोस्टची कडी तर मुख्य सांध्यापेक्षाही महत्त्वाची आहे. ती सुटली तर हातात काहीच उरत नाही.

सीटपोस्ट दर आठवड्याला खाली घसरत असेल तर कारण बहुतेक वेळा ग्रीस असतं. पोस्ट आणि नळीचा आतला भाग स्पिरिटने पुसून कोरडा करा.

१४. बरोबर कोणते सुटे भाग ठेवावेत?

४०६ साठी एक ट्यूब आणि पॅचचं पाकीट पुरतं, ३४९ साठी दोन ट्यूब न्या कारण त्या वाटेत मिळणार नाहीत. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आहे की बारीक, ते पंपाशी जुळवा. याशिवाय टायर लिव्हर, ४-५-६ मिमी ॲलन की, चेनची एक जोडकडी आणि एक आतली गिअर केबल.

१५. माझी उंची ६ फूट १ इंच, वजन ९८ किलो. फोल्डिंग झेपेल?

झेपेल, पण मर्यादा वाचून घ्या. डाहॉन आणि टर्नच्या बऱ्याच मॉडेलना १०५ किलो, ब्रॉम्प्टनला ११० किलो अशी मर्यादा आहे, आणि त्यात पाठीवरची बॅगही धरतात. ९८ मध्ये लॅपटॉपची बॅग घातली की काठावर आलात. उंचीसाठी जास्त लांबीचा सीटपोस्ट मागा. पोस्टवरची ‘किमान आत’ ची खूण दिसू लागली की थांबायचं.

१६. जुनी घ्यायची झाली तर काय पाहावं?

सांध्याभोवतीचा रंग केसासारख्या बारीक रेषेत तडकला आहे का, ते टॉर्चने पहा. तडा दिसला तर पुढे बोलूच नका, वेल्डिंग करून घेऊन सरावाला वापरू नये. मग सांधा बंद करून सीटमागून पहा: दोन्ही चाकं एका रेषेत हवीत. कड्यांची तपासणी प्रश्न १३ प्रमाणे.

१७. बॅटरीवाली फोल्डिंग विमानात नेता येईल का?

नाही. १६० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-सायकलच्या बॅटऱ्या साधारण याहून मोठ्याच असतात.

१८. अनोळखी शहरात चालवायचं कुठे?

हैदराबादला आउटर रिंग रोडलगत सौर पॅनेलच्या छताखाली २३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, अखंड टेम्पो तिथे उत्तम होतो. नवी मुंबईत पाम बीच रोड, मुंबईत मरीन ड्राइव्ह, दोन्ही सकाळी साडेसहाच्या आत. बेंगळुरूहून नंदी हिल्सला जायचं तर गाडीत घालून पायथ्याशी जा. शेवटची सातेक किलोमीटरची चढण प्रश्न ८ मधल्या २९ इंचाच्या गिअरशिवाय सुखाची होत नाही. हॉटेल निवडताना ट्रॅकपासूनचं अंतर आधी बघा. तासाभराच्या सरावासाठी तासभर वाहतुकीतून जाणं हा तोटाच.

१९. परदेशी कामाला जाताना काही वेगळं?

लंडनच्या ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) पूर्ण घडी घातलेली सायकल गर्दीच्या वेळीही चालते, घडी न घातलेली नाही. जर्मनीच्या आयसीई या वेगवान रेल्वेत घडीची सायकल सामान म्हणून मोफत जाते. जपानमध्ये रेल्वेत नेताना सायकल पूर्णपणे पिशवीत झाकलेली हवी, चाकाचा तुकडाही बाहेर दिसता कामा नये. दुबईला मात्र न्यायचा खटाटोप करू नका: अल कुद्रा आणि नाद अल शिबाच्या ट्रॅकवर रोड बाईक भाड्याने मिळते, आपले पेडल आणि बूट पुरेत.

२०. पावसात भिजलेली सायकल हॉटेलच्या खोलीत कशी ठेवायची?

रिसेप्शनला आधी विचारा, आणि बाथरूममध्ये टॉवेलवर नको तर स्वतः नेलेल्या जुन्या चादरीवर ठेवा. चेन कोरड्या फडक्याने पुसून दोन थेंब तेल द्या. घडी घालण्याआधी सांध्यातलं पाणी टिपून घ्या. ओल्या बिजागरीत अडकलेली वाळू तिच्या पट्ट्या खाते.

२१. फोल्डिंगवर २०० किलोमीटरची बीआरएम करता येते का?

येते, बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, तिथे सायकलच्या प्रकारावर बंधन नाही. वेळेची मर्यादा साडेतेरा तासच राहते. आधी दौऱ्यावर सलग १०० करून पहा. तळहात आणि मान दुखली तर दोष सायकलपेक्षा प्रश्न ९ मधल्या तिसऱ्या मापात शोधा. हँडलच्या टोकांना बार-एंड (शिंगांसारख्या मुठी) लावले तर हात ठेवायला दुसरी जागा मिळते.